अप क्वार्कची बेरीज एक का भरत नाही? – कॅबिबो कोनाची भानगड

खडूफळा (धागाकर्ता)

म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावाच्या) धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की क्वार्कांच्या मिश्रणात 'नवं भौतिकशास्त्र' (म्हणजे स्टँडर्ड मॉडेल या मान्य सिद्धान्तापलीकडचं काही) डोकावतंय अशा ज्या बातम्या येतात त्यांत दम किती. तिथं उत्तर देणं म्हणजे धागा पळवणं, म्हणून हा वेगळा काढला. लांबलाय, आधीच सांगतो.

मामला बेरजेचा आहे. क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते मूलकण, एकूण सहा. अप, चार्म, टॉप या तिघांवर +२/३ भार. डाउन, स्ट्रेंज, बॉटम यांच्यावर −१/३. डब्ल्यू बोसॉन या दुर्बल बलाच्या कणामुळे एका गटातला क्वार्क दुसऱ्या गटात जातो. अपची जोडी मुख्यतः डाउनशी जमते, थोडी स्ट्रेंजशी, आणि अगदी नावाला बॉटमशी. पहिल्या दोन वाटण्या निकोला कॅबिबो यांनी १९६३ साली एकाच कोनात बसवल्या. तो कोन सुमारे १३ अंशांचा. त्या वेळी क्वार्क हा शब्दही रूढ नव्हता. पुढं १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी दाखवलं, की सीपी-भंग (द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातला फरक) या मिश्रणाच्या तक्त्यात बसवायचा तर क्वार्कांच्या दोन पिढ्या (म्हणजे चार क्वार्क) पुरत नाहीत, तीन लागतात. तेव्हा प्रयोगात तीनच क्वार्क माहीत होते, हे लक्षात घ्या! दोघांना २००८ चं नोबेल मिळालं, नांबूंच्या जोडीनं. कॅबिबो यांना वगळल्यावर इटलीत बरीच नाराजी उमटली आणि माझ्या मते ती रास्त होती.

या ३×३ तक्त्यात प्रत्येक जोडीचं नातं किती घट्ट याचा आकडा असतो, आणि त्याला एक कडक अट आहे. कुठल्याही ओळीतल्या तीन आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ यायला हवी. अप कुठं ना कुठं जाणारच, तेव्हा सगळ्या वाटा मिळून शंभर टक्के. आता कॅल्क्युलेटर काढा:

अप-डाउन ०.९७३७, वर्ग ०.९४८०९
अप-स्ट्रेंज ०.२२४३, वर्ग ०.०५०३१
अप-बॉटम ०.००३८, वर्ग ०.००००१
बेरीज ०.९९८४१

दहा हजारांच्या गल्ल्यात सोळा रुपये कमी. चोर (म्हणजे नवा कण किंवा बल) शोधायचा की आधी हिशेबाची वही पुन्हा तपासायची, एवढाच खरा वाद आहे. मी वही तपासणाऱ्यांतला. पण वहीत एक पान असं आहे की जे मलाही सुखानं झोपू देत नाही, त्याकडे येतो.

अप-डाउन आकडा येतो बीटा ऱ्हासातून, म्हणजे अणुगर्भातल्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन (किंवा उलट) होतो त्यातून. काही अणुगर्भांची फिरकी ऱ्हासाआधीही शून्य असते आणि नंतरही शून्यच: कार्बन-१०, ऑक्सिजन-१४, ॲल्युमिनियम-२६ चं एक उत्तेजित रूप, असं करत रुबिडियम-७४ पर्यंत. इथं प्रबल बलाची लुडबुड जवळजवळ होत नाही. त्यामुळे अर्धायुष्य, बाहेर पडणारी ऊर्जा आणि किती टक्के अणुगर्भ नेमक्या त्याच वाटेनं जातात, या तीन गोष्टी मोजल्या की काम होतं. टेक्सासमधले जॉन हार्डी आणि इयान टाउनर यांनी जगभरच्या अशा मोजमापांची छाननी करण्यात उमेदीची सगळी वर्षं घातली. २०२० च्या त्यांच्या आढाव्यात दोनशेच्या वर मोजमापं आहेत. वेगवेगळ्या अणुगर्भांवरून निघालेला आकडा एकमेकांशी इतका जुळतो, की मोजणारेच सगळे मिळून चुकले असं म्हणायला जागा उरत नाही.

मग तूट आली कुठून? ती आली २०१८ मध्ये, आणि प्रयोगशाळेत कुणी काहीही नवं न मोजता आली! बातम्यांत हे कधीच येत नाही. ऱ्हास होताना डब्ल्यूबरोबर एक फोटॉनही आतल्या आत देवाणघेवाण करून जातो, त्याची दुरुस्ती हिशेबात धरावी लागते. २००६ पासून मार्सियानो आणि सर्लिन यांचा २.३६१ टक्के हा आकडा सगळे वापरत होते. सेंग, गोर्श्टाईन, पटेल आणि रॅम्से-मुसॉल्फ या चौघांनी तोच हिशेब वेगळ्या पद्धतीनं केला, त्यात न्यूट्रिनोच्या जुन्या टकरींची आकडेवारी वापरली, आणि उत्तर आलं २.४६७ टक्के. फरक एक दशांश टक्का. त्यानं अप-डाउन आकडा ०.९७४२ वरून ०.९७३७ वर घसरला आणि तोवर सुरळीत असलेली बेरीज बिघडली.

चौघांचा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणत नाही. इतरांनी वेगळ्या मार्गांनी आणि पुढं लॅटिसवर (अवकाशाची जाळी कल्पून संगणकावर) केलेले हिशेबही त्याच बाजूला झुकले. पण तूट कागदावर उपजली आहे, तर तिची दुरुस्तीही कागदावरच निघू शकते, इतकंच.

आता ते झोप उडवणारं पान. अप-स्ट्रेंज आकडा केऑनच्या (स्ट्रेंज क्वार्क असलेल्या एका कणाच्या) ऱ्हासातून दोन प्रकारे काढतात. एक, केऑन मोडून पायॉन (अप-डाउन क्वार्कांचा हलका कण), इलेक्ट्रॉन (किंवा म्यूऑन) आणि न्यूट्रिनो होतो त्यावरून: ०.२२३१ च्या आसपास. दुसरा, केऑन नुसता म्यूऑन आणि न्यूट्रिनो होतो त्याचं पायॉनच्या तशाच ऱ्हासाशी गुणोत्तर घेऊन: ०.२२५२ च्या आसपास. आणि बेरीज एक धरून बीटा ऱ्हासावरून उलटा हिशेब केला तर यायला हवा ०.२२७८. कोनात सांगायचं तर १२.८९, १३.०१ आणि १३.१७ अंश. एकच कोन, तीन उत्तरं. बीटा ऱ्हासाची दुरुस्ती उद्या बदलली तरी पहिल्या दोघांतलं भांडण मिटत नाही.

तुमची मतं येऊ द्या. समीकरणं हवी असतील तर प्रतिसादात देतो.

टेकाड

वाखूसा (वाचनखूण साठवली आहे)! पहिल्यांदाच हे प्रकरण डोक्यात शिरलं. एक बाळबोध शंका: ही तूट किती सिग्माची, म्हणजे अनिश्चिततेच्या किती पट? पाच झाल्याशिवाय शोध लागला म्हणत नाहीत ना?

खडूफळा

बाळबोध कसली, मुद्द्याची शंका आहे. २०१८ चा हिशेब जसाच्या तसा घेतला तर ०.९९८४ अधिक-उणे ०.०००४, म्हणजे चार सिग्मा. त्यानंतर अणुगर्भाच्या आतल्या दुरुस्त्यांकडं लोकांनी नव्यानं पाहिलं आणि हार्डी-टाउनर यांनी स्वतःच अनिश्चितता वाढवून घेतली. आता कण-माहितीच्या अधिकृत पुस्तकात अधिक-उणे ०.०००७ छापतात. सव्वादोन सिग्मा म्हणा. तूट तिथंच आहे, तिच्याभोवतीचं धुकं वाढलंय.

पाऊणशहाणा

खडूफळा साहेब, लेख झकास, पण आमचा या 'विसंगती' प्रकारावरचा विश्वास उडालाय. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगानं बी-मेसॉनांमध्ये (बॉटम क्वार्क असलेल्या कणांमध्ये) इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन वेगळे वागतात असं सांगितलं, लोक नाचले, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं की तसं काही नाही. अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगानं २०२२ मध्ये डब्ल्यूचं वस्तुमान फुगवलं, २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएसनं जागेवर आणलं. म्यूऑनच्या चुंबकत्वाचा फुगा २०२५ मध्ये सिद्धान्तवाल्यांनीच लॅटिसचे आकडे घेऊन उतरवला. यातून एकच दिसतं, स्टँडर्ड मॉडेलच्या वाटेला जाऊ नये.

खडूफळा

तुमच्या यादीत आणखी एक भर घालतो, आणि ती याच ओळीची आहे. २००३ च्या आधीही ही बेरीज कमीच भरत होती! तेव्हा अप-स्ट्रेंज आकडा ०.२१९६ मानत आणि बेरीज ०.९९७ च्या घरात यायची. म्हणजे आजच्याहून मोठी तूट. तेव्हाही 'नवं भौतिकशास्त्र'वाले पेपर आलेच. मग अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या ई-८६५ प्रयोगानं केऑनच्या एका ऱ्हासाचं प्रमाण नव्यानं मोजलं, पाठोपाठ फर्मीलॅबच्या केटीईव्हीनं २००४ मध्ये, नंतर सर्न आणि इटलीतल्या फ्रास्कातीच्या गटांनी. वर्षानुवर्षं पुस्तकात छापले जाणारे जुने आकडे पाच-सहा टक्क्यांनी कमी निघाले. बेरीज एक झाली, सगळे घरी गेले.

त्या वेळी दोष मोजमापात होता आणि सैद्धान्तिक बाजू ठीक होती. या वेळी निदान बीटा ऱ्हासात तरी उलटं असावं असं मला वाटतं. म्हणूनच 'मागं मिटलं तसं आताही मिटेल' हे मला पुरेसं उत्तर वाटत नाही.

उल्का

मी बरीच वर्षं परदेशात अशाच एका प्रवेगकावर बीटा ऱ्हास मोजण्याच्या कामात होते, त्यामुळे राहवलं नाही. खडूफळा, तुम्ही 'तीन गोष्टी मोजल्या की काम होतं' असं एका ओळीत उडवून लावलंत! :-)

ॲल्युमिनियम-२६ चं ते रूप घ्या. अर्धायुष्य ६.३५ सेकंद. प्रवेगकातून आलेले अणू एका पातळ प्लास्टिकच्या फितीत रुततात. शलाका बंद होते, फीत झर्रकन सरकते आणि क्षणात नमुना शिशाच्या भिंतीआड असलेल्या गणकाच्या मधोमध येऊन थांबतो. फीत दर वेळी नेमकी त्याच जागी थांबायला हवी, नाहीतर गणकाची कार्यक्षमता बदलते. वीस-पंचवीस अर्धायुष्यं मोजायची, फीत पुढं, पुन्हा नवा नमुना. रात्रभर हेच. आणि सोबत भलतंच काही किरणोत्सारी आलं असेल तर ते शेपटासारखं मागं रेंगाळतं, वक्रात मिसळून जातं आणि उत्तर हळूच सरकवतं. माझी अर्धी उमेद त्या शेपटाच्या मागं गेली.

त्यामुळे मोजमापं घट्ट आहेत हे मान्य. माझा संशय अणुगर्भाच्या रचनेवरच्या दुरुस्तीवर आहे. फोटॉन एका न्यूक्लिऑनवरून (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनवरून) निघून शेजारच्या न्यूक्लिऑनला धरतो, हा हिशेब फार काळ साध्या शेल मॉडेलवर चालला. आता कार्बन-१० आणि ऑक्सिजन-१४ साठी लोक मुळापासून, म्हणजे न्यूक्लिऑनांमधल्या बलांपासून, तो मांडायला लागलेत. हलक्या अणुगर्भांत जमेल. कोबाल्ट-५४ मध्ये कधी जमेल कोण जाणे.

खडूफळा

उल्काताई, दंडवत. हे तुम्हीच लिहू शकत होतात. या फितीवर एक स्वतंत्र धागा काढाच.

सांडगे

अणुगर्भाची इतकी कटकट आहे तर सरळ मोकळा न्यूट्रॉन का वापरत नाहीत? आत शेजारी नाही, दुरुस्ती नाही. की न्यूट्रॉनच्या आयुष्याचं जे कोडं आहे ते आडवं येतं?

खडूफळा

अगदी तेच. न्यूट्रॉनला दोन आकडे लागतात: सरासरी आयुष्य, आणि ऱ्हासातल्या दोन प्रकारच्या जोडण्यांचं (सदिश आणि अक्षीय) गुणोत्तर.

आयुष्याचं सगळ्यात अचूक मोजमाप अमेरिकेतल्या लॉस अलामॉसचं, २०२१ सालचं: ८७७.७५ सेकंद. तिथं कायमस्वरूपी चुंबकांनी मढवलेलं टबासारखं भांडं आहे, वरून सताड उघडं. झाकण लागतच नाही, कारण आत सोडलेले न्यूट्रॉन इतके मंद असतात की गुरुत्वाकर्षण त्यांना अर्ध्या मीटरच्या वर उडू देत नाही. खाली चुंबक भिंतीला शिवू देत नाहीत. ठरलेला वेळ थांबायचं, मग वरून एक पातळ गणक आत उतरवायचा आणि उरलेले न्यूट्रॉन मोजायचे. त्या गणकाला तिथं 'डॅगर' म्हणतात.

गुणोत्तर फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या पर्किओ-३ प्रयोगानं २०१९ मध्ये दिलं, १.२७६४. दोन्ही एकत्र केले की अप-डाउन येतो ०.९७४१. बेरीज पुन्हा एकच्या जवळ! अर्थात अनिश्चितता अणुगर्भांच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त, त्यामुळे निकाल लागला असं म्हणता येत नाही.

आता कोडं. वाहत्या न्यूट्रॉनांच्या शलाकेत जन्मलेले प्रोटॉन मोजणाऱ्या अमेरिकन प्रयोगाचं उत्तर ८८७.७ सेकंद, जवळजवळ दहा सेकंद जास्त. तो आकडा याच गुणोत्तराबरोबर वापरून पाहा: अप-डाउन ०.९६८६, बेरीज ०.९८९ च्या खाली. तूट सातपट! म्हणून न्यूट्रॉनच्या कोड्यात मी भांड्याच्या बाजूनं आहे.

तिरकस

वही तपासणारे सगळे जमलेत, चोराबद्दल कुणी बोलायचं? समजा तूट खरी आहे. मग काय असू शकतं ते तरी सांगा. आम्ही इथं त्यासाठीच आलो होतो.

खडूफळा

रास्त तक्रार. आधी ढोबळ अंदाज: कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राची मूळ मोजपट्टी २४६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. तूट ०.००१५ धरा, तिचं वर्गमूळ ०.०३९. भागाकार केला की साधारण ६,३०० गिगा, म्हणजे सहा-साडेसहा टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. चोर असलाच तर तो सर्नच्या एलएचसी प्रवेगकाच्या कुंपणालगत कुठंतरी आहे. म्हणूनच हे प्रकरण लोकांना इतकं चाळवतं.

उमेदवारांपैकी माझा आवडता म्हणजे उजव्या हाताचा प्रवाह. डब्ल्यू फक्त डावखुऱ्या (गतीच्या उलट दिशेची फिरकी असलेल्या) कणांना ओळखतो असं स्टँडर्ड मॉडेल सांगतं. त्यात किंचित उजवा भाग मिसळला तर? केऑनचा तीन कणांत मोडणारा ऱ्हास सदिश जोडणीवर चालतो, दोन कणांत मोडणारा अक्षीय जोडणीवर. उजवा भाग एकीकडं भर घालतो आणि दुसरीकडं वजावट करतो. म्हणजे केऑनांमधलं भांडण आणि बेरजेची तूट, दोन्ही एकाच फटक्यात सुटू शकतात. बाकी कुठल्याही कल्पनेला हे इतक्या सहज जमत नाही.

दुसरा उमेदवार जड 'व्हेक्टर-लाइक' (डावं-उजवं रूप सारखंच वागणारा) क्वार्क, म्हणजे तक्त्याला चौथा रकाना. हरवलेला ०.००१६ तिकडं जातो. वर्गमूळ ०.०४, म्हणजे अपचं या अनोळखी पाहुण्याशी नातं बॉटमपेक्षा दसपट घट्ट. मला हे जरा विचित्र वाटतं, कारण आतापर्यंत रकाना जितका पुढचा तितकं नातं पातळ होत गेलंय. शिवाय केऑन-प्रतिकेऑन अदलाबदलीची बंधनं लगेच मानगुटीवर बसतात. गंमत म्हणजे याच प्रकारचा क्वार्क उजवा प्रवाहही निर्माण करू शकतो, त्यामुळे दोन्ही उमेदवार अगदीच वेगळे नाहीत.

तिसरा, फर्मी स्थिरांकातच (दुर्बल बलाची ताकद सांगणाऱ्या आकड्यात) गडबड. तो आपण म्यूऑनच्या आयुष्यावरून घेतो. म्यूऑनची डब्ल्यूशी जोडणी इलेक्ट्रॉनपेक्षा किंचित वेगळी असेल तर क्वार्क बिचारे निर्दोष, आणि दोष लेप्टॉनांचा (इलेक्ट्रॉन-म्यूऑनांच्या कुळाचा). वर पाऊणशहाणा यांनी ज्या बी-मेसॉनच्या विसंगती गाडल्या त्या जिवंत होत्या तेव्हा हा उमेदवार फार लाडका होता. आता त्याला कुणी फारसं विचारत नाही.

कुलाबेकर

बी-मेसॉनवरून आठवलं. तक्त्याच्या दुसऱ्या टोकालाही भांडण आहे ना? चार्म-बॉटम आकडा, सगळे ऱ्हास एकत्र धरून काढला तर ०.०४२, आणि डी किंवा डी-स्टार हे ठरावीक मेसॉन पकडून काढला तर ०.०३९-०.०४०. अप-बॉटमचंही तसंच, ०.००४१ आणि ०.००३७. हे वर्षानुवर्षं चाललंय. बेल-२ या जपानमधल्या प्रयोगात आपल्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) गट आहे, सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर मुंबईच्या गटानं जोडलाय. तेव्हा त्याबद्दल दोन शब्द हवेत.

खडूफळा

कुलाबेकर, तो थर ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. बी-मेसॉन कुठं मोडला ती जागा ठरवण्याच्या यंत्रणेचा तो भाग आहे. पण या भांडणाला मी 'नवं भौतिकशास्त्र' म्हणायला अजिबात तयार नाही. क्रिव्हेलिन आणि पोकोर्स्की यांनी दहाएक वर्षांपूर्वीच दाखवलं, की या दोन पद्धतींतला फरक नव्या कणांनी भरायला गेलं तर झेड बोसॉनच्या (डब्ल्यूच्या भारहीन भावाच्या) बॉटम-जोडीतल्या ऱ्हासाशी भांडण होतं. तिथं चूक क्वार्कांभोवतीच्या ग्लुऑनांच्या (त्यांना चिकटवून ठेवणाऱ्या कणांच्या) चिखलाचा हिशेब करण्यात आहे. लॅटिसवाल्यांनी डी-स्टारचे हिशेब केले, तर तीन गटांचे वक्र एकमेकांशी पूर्ण जुळेनात! आणि अप-बॉटम आपल्या पहिल्या ओळीत असला तरी त्याच्या वर्गानं पाचव्या दशांश स्थळी फरक पडतो. तूट त्याच्या माथी मारता येत नाही.

पाऊणशहाणा

चला, निदान एका विसंगतीवर आपलं एकमत झालं. आता सांगा, पहिल्या ओळीचा निकाल कोण लावणार?

खडूफळा

केऑनांपुरता सर्नचा एनए-६२ लावू शकतो. त्या दोन ऱ्हासांचं परस्पर गुणोत्तर एकाच यंत्रात, एकाच वेळी मोजा, असा प्रस्ताव २०२२ मध्ये आला. दोन कणांच्या ऱ्हासाचा आकडा आज मुख्यतः फ्रास्कातीच्या एकाच प्रयोगावर टेकलाय, त्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या आतलं नवं मोजमापही मोठं काम करेल. गुणोत्तरानं दोन्ही उत्तरं जवळ आणली तर माझा आवडता उमेदवार बाद.

दुसरीकडं स्वित्झर्लंडमध्ये पायोनियर नावाचा प्रयोग उभा राहतोय. तो आधी पायॉनच्या इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन ऱ्हासांचं गुणोत्तर दहा हजारात एक इतक्या अचूकतेनं मोजेल, म्हणजे तिसऱ्या उमेदवाराची थेट झडती. नंतरच्या टप्प्यात पायॉनचा स्वतःचा बीटा ऱ्हास. तिथं ना अणुगर्भ, ना न्यूट्रॉनचं गुणोत्तर, सगळ्यात स्वच्छ हिशेब. फक्त असा ऱ्हास दहा कोटी पायॉनांत एकदा होतो.

उल्का

दहा कोटींत एक! आमची फीत बरी होती म्हणायची.

तिरकस

उल्काताई, फितीचा धागा कधी?

उल्का

दिवाळीनंतर. आकृत्या काढायच्यात.